पुस्तक वाढवणे

पान ७

पुतळाबाईंना वाचता येत नव्हतं. हे अख्ख्या मोरिवलीला माहीत होतं, आणि तरी त्यांच्या हातात पुस्तक आल्याशिवाय मांडवात कुणी हळदीला हात लावत नसे.

पुस्तक म्हणजे तरी काय, बत्तीस पानांची पुस्तिका. त्यांचे यजमान हरिचंद्र यांनी पस्तीस वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका छापखान्यातून छापून आणलेली. निळं कव्हर, मधोमध दोन पिना. पुतळाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण बसते, धवले गाते, देवांना बोलावते, आणि मग त्या घरच्या मेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं आवतन देते. घरात हळद लागतेय, या. ज्या घरचं लग्न त्या घरचं पान. सातवं पान पुतळाबाईंच्या स्वतःच्या सासरचं. तिथं चार नावं होती: त्यांचे आजेसासरे आणि आजेसासू, सासरे आणि सासू.

*आवतन गेलं मिठागरी*
*कोन बैसलंय बांधावरी*
*उठ रे रघु, उठ गो रखमा*
*उठ रे जनू, उठ गो विठा*

बाई डोळे मिटून गायच्या. पुस्तक डाव्या तळहातावर उघडं. पान नेमक्या जागी उलटायच्या, पण कधीकधी पुस्तकच उलटं धरलेलं असायचं. पोरं खिदळायची, "काकी, पुस्तक उल्टा हाय!"

"मना कुठं वाचाचंय रं? तू वाच, पास हो जरा."

लग्न पार पडलं की निरोपाचं गाणं, बत्तिसाव्या पानावरचं. जेवलात, नेसलात, आता जा आपल्या ठायी. पुन्हा तीच नावं. शेवटचं नाव घेतलं की पुतळाबाई पुस्तक मिटायच्या. मिटलं असं मात्र म्हणायच्या नाहीत. दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तसं त्या म्हणायच्या, "चला, पुस्तक वाढवलं."

आणि बायका चहाला उठायच्या.

बॅटरी १४ टक्के

गेल्या दिवाळीनंतर पुतळाबाईंची उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. लग्नसराई तोंडावर. धवले म्हणणार कोण?

"उन्नती म्हनेल की," भगवानकाका म्हणाले. हे हरिचंद्रांचे धाकटे भाऊ. "वाचता येतं ना? मग झालं. वयनीला तं वाचतासुदा येत नव्हतं."

उन्नती ही पुतळाबाईंची सून, भावेशची बायको. माहेर बदलापूर गाव, नोकरी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. घरात सगळ्यात जास्त वाचणारी तीच. कपाटात पुस्तकं, टॅबलेटमध्ये पुस्तकं, आणि जेवताना मांडीवर एक. पुस्तिकेची अक्षरं हळदीच्या बोटांनी पुसत आली होती. तिनं पंधरा दिवस बसून सगळी पुस्तिका टॅबलेटवर टाइप केली. शब्द न् शब्द. एकही काना सुटू दिला नाही.

पहिलं लग्न तिच्या माहेरच्या आळीतलं. अकराचं ऊन मांडवाच्या फटीतून थेट काचेवर. उन्नतीला अक्षरांऐवजी स्वतःचंच तोंड दिसू लागलं. पदराचा आडोसा केला तर ओलं बोट लागून चौथ्या पानावरून थेट एकोणिसाव्यावर. ते सावरेपर्यंत वरून पट्टी उतरली: सोफा सेटवर चाळीस टक्के सूट.

"गनपतीच्या मागं सोफा पन आला काय गो?" एक म्हातारी म्हणाली, आणि हळद हसण्यात गेली.

तरी निरोपापर्यंत ती पोचली. बॅटरी चौदा टक्के. गाणं संपलं, टॅबलेट मांडीवर ठेवला, मिनिटभरानं तो आपणहून काळा झाला. बायका चहाला उठल्या.

तेव्हा काहीच झालं नाही.

४१ टक्के

ई-रीडर भावेशनं वाढदिवसाला घेऊन दिला. उन्नतीला तो पहिल्याच दिवशी आवडला. उन्हात कागदासारखा दिसतो. डोळे जळत नाहीत. मधेच कुणी सोफा विकत नाही. चार्जिंग पंधरा-पंधरा दिवस विसरता येतं. एकच खटकत होतं, पान नाही. टक्के. अक्षर मोठं केलं की पानं वाढायची, लहान केलं की कमी व्हायची, टक्के तेवढे जागच्या जागी. पुस्तिकेचं सातवं पान इथं एकेचाळीस टक्क्यांवर होतं, कारण टाइप करताना तिनं सुरुवातीला देवांची यादी आणि स्वतःची प्रस्तावना घातली होती.

आणि मिटता येत नव्हता. कव्हर होतं, ते लावलं की झाकला जायचा. झाकणं वेगळं.

भगवानकाकांच्या जिज्ञासाचं लग्न मोरिवलीतच होतं. घरचं लग्न, म्हणजे सातवं पान. उन्नतीनं ई-रीडर डाव्या तळहातावर धरला, सासूसारखा. ऊन होतं, अक्षर स्वच्छ होतं, आवाज लागला होता. पुतळाबाई खुर्चीत, तोंड जरा वाकडं, डोळे मात्र सुनेच्या हाताकडे.

*उठ रे जनू, उठ गो विठा.*

शेवटचा सूर ओढत असतानाच कुणीतरी नवरीवर उडवलेलं हळदीचं पाणी ई-रीडरच्या खालच्या भोकात गेलं. ती पान पुढं ढकलायला गेली. हललं नाही. बटण दाबून धरलं. हललं नाही. चार नावं तशीच, काळीभोर.

संध्याकाळी वरात, रात्री डीजे. निरोप गायचा राहिला. निळी पुस्तिका अंबरनाथ पश्चिमेला, राहत्या फ्लॅटवर, कपाटात. निरोप तिला पाठ नव्हता, आणि कुणी मागितलाही नाही.

"उद्या म्हनू," ती भावेशला म्हणाली.

"अगं, कोन मोजतंय?" भावेश म्हणाला.

४१ टक्के

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्नतीनं फरशी पुसली. वाळल्यावर पांढरे ठसे उमटले. टाचा, आणि टाचांपुढं पसरट बोटं. दारातून स्वयंपाकघरापर्यंत. तिला वाटलं पाणी खारं आलं असेल. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, टाकीचं पाणी, होतं कधीकधी. बोट लावून चाखलं.

मीठ होतं. जाडं, मिठागरातलं.

पुतळाबाई पलंगावरून म्हणाल्या, "वाढव."

आजारानंतरचा हा पहिला शब्द. उन्नतीच्या हातातून फडकं पडलं. "आई! बोललात तुम्ही! काय वाढू? भात वाढू?"

"वाढव."

ताट आणलं. पुतळाबाईंनी डाव्या हातानं ताट ढकललं. "वाढव."

"पंखा वाढवू? टीव्ही?"

उन्नतीनं पंखा पाचवर केला, टीव्हीचा आवाज वाढवला. मालिकेतली सासू कर्कशून ओरडू लागली, आणि पलंगावरची सासू डोळ्यांतून पाणी काढत राहिली. एकच शब्द. दिवसभर.

संध्याकाळी भावेशला सांगितलं तर तो खूश झाला. "आयला सुधारतेय! डॉक्टर बोल्लेच होते, शब्द एकेक करून येतील." मग पायाखाली पाहून म्हणाला, "ह्ये काय सांडलंय?"

४१ टक्के

राजसीच्या शाळेतून संजीवनी मॅडमचा फोन आला. राजसी ही त्यांची मुलगी, सात वर्षांची, दुसरीत.

"घरी काही झालंय का? दोन दिवस हजेरीला ओ देत नाही. राजसी, राजसी, म्हणून तीनदा हाक मारली. माझ्याकडे बघते, पण दुसऱ्याच कुणाला बोलावतायत तसं."

राजसी घरी आली, दप्तर दारात ठेवलं, आणि सोफ्यावर न बसता भिंतीला टेकून उकिडवी बसली. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांवर. असं ती कधी बसायची नाही. पाय खारवलेले, मीठ वाळल्यासारखे.

"राजसी, हात धू."

ओ नाही.

"राजसी!"

पोरीनं मान वर केली. डोळे ओळखीचे, आवाजही तिचाच. "आवतन देलंस गो," ती म्हणाली, "निरोप कवा देशील? उन्हाचं बसून हाव आमी."

घरात असं कुणी बोलत नव्हतं. पुतळाबाई बोलायच्या थोडं, पण इतकं जुनं नाही. "आमी म्हणजे कोण गं?"

पोरीनं बोट दाखवलं. खिडकीखाली, फ्रिजच्या बाजूला, आणि दाराशी. तिन्ही ठिकाणी फरशी पांढरी होती. मग बोट स्वतःच्या छातीला लावलं.

४१ टक्के

ई-रीडर अजून उघडाच होता. टेबलावर, चार नावं घेऊन. उन्नतीनं तो पर्समध्ये टाकला, दुपारी रिक्षा केली, आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये धर्मेशच्या दुकानात गेली. मोबाइल, टॅबलेट, घड्याळं, सगळं उघडणारा माणूस.

"इसको बंद कर दो," ती म्हणाली.

धर्मेशनं उलटसुलट करून पाहिला, वायर लावली, काढली. "भाभी, बंदच आहे."

"बंद कुठंय? अक्षरं दिसतायत."

"देखो. टॅबलेट मरता है तो काला पड़ता है. किताब को मरना ही नहीं है, बंद किया तो बंद. पण ही चीज..." त्यानं नखानं काचेवर टिचकी मारली. "ये जिस पन्ने पे मरता है ना, वो पन्ना पकड़ के मरता है. लाइट नाय लागत त्याला पान धरून ठेवायला. दस साल रखो, यही दिखेगा."

"पुसून टाक मग."

"बोर्ड गेला. फोड़ दूँ? काच फोडली तर जाईल."

त्यानं हातोडी नाही, नुसता स्क्रूड्रायव्हर उचलला होता. त्याचं टोक चौथ्या नावावर आलं. उन्नतीला तेव्हा त्या नावात काय आहे ते कळलेलं नव्हतं. तरी तिनं त्याच्या हातातून यंत्र ओढून घेतलं, इतक्या जोरात की स्क्रू गल्ल्यावर सांडले.

"अरे साईं, नहीं फोड़ता!" धर्मेश म्हणाला. "कौन है ये लोग? नातेवाईक?"

४१ टक्के

घरी आल्यावर तिनं धाकट्या दिराच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. तीन वर्षांपूर्वीचा, घरचंच लग्न, म्हणजे सातवं पानच. पुतळाबाई धडधाकट, डोळे मिटलेल्या, पुस्तक तळहातावर. उन्नतीनं छापलेली पुस्तिका मांडीवर घेतली आणि ओळीमागून ओळ बोट ठेवत ऐकू लागली.

*उठ रे रघु, उठ गो रखमा,* बाई गात होत्या. *उठ रे जनू, उठ जनूच्या रानी.*

बोट थांबलं. छापलं होतं: *उठ गो विठा.*

जनूची बायको, नाव न घेता. तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. जनूच्या रानी. पुन्हा. जनूच्या रानी.

मग तिला बारसं आठवलं. सात वर्षांमागचं. कागदोपत्री राजसी तिनं आणि भावेशनं निवडलेलं, मोबाइलवर यादी काढून. पण पाळण्यात घालताना पुतळाबाईंनी पोरीच्या कानाशी वाकून आपल्या सासूचं नाव ठेवलं होतं. विठा. पाळण्यातलं नाव. त्या नावानं नंतर कुणी हाक मारली नाही, आधार कार्डावर ते नाही, उन्नती तर विसरूनच गेली होती. पुतळाबाई विसरल्या नव्हत्या. वाचता न येणारी ती बाई, नात झाल्या दिवसापासून ती एक ओळ बदलून गात होती. जिवंत माणसाला मेलेल्यांत बोलावू नये म्हणून. कागदावर ते जाणार कसं? कागद नातीच्या आधी छापलेला.

आणि उन्नतीनं कागदाबरहुकूम टाइप केलं होतं. एकही काना सुटू दिला नव्हता.

"वाढव," पलंगावरून आवाज आला.

उन्नती उठली. सासूजवळ बसली. पुतळाबाईंनी डावा हात पुढं केला, तळवा वर, जसं त्यावर काही उघडं आहे. मग सुनेचा हात धरला, ओढला, आणि आपल्या तळव्यावर उपडा दाबला. तळव्याला तळवा लागेपर्यंत. पुन्हा उचलला. पुन्हा दाबला.

त्यांचा एकच हात चालत होता. दुसरं पान उन्नतीचं.

"पुस्तक," उन्नती म्हणाली. "पुस्तक वाढव. असं ना?"

पुतळाबाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

ही बाई पस्तीस वर्षं पुस्तक वाचायला धरत नव्हती. मिटायला धरत होती.

पान ३२

रविवार, दुपारचे साडेबारा. भावेश पहिल्या पाळीला गेलेला. उन्नतीनं हॉलच्या मधोमध पाट मांडला, निळी पुस्तिका डाव्या तळहातावर उघडली. कागद कळकट, अक्षर पुसट, चष्मा डोळ्यांवर. समोर ई-रीडर, आपली चार नावं धरून. भिंतीशी पोर, उकिडवी.

*हलद सुकली, मांडव उतरला,* तिनं सुरू केलं. आवाज फाटत होता.

*जेवला रघु, जा रे रघु आपल्या ठायी.*

खिडकीखालची फरशी काळी झाली. म्हणजे पुन्हा फरशीच्या रंगाची झाली. मीठ नाही.

*जेवली रखमा, जा गो रखमा आपल्या ठायी.*

फ्रिजची बाजू मोकळी.

*जेवला जनू, जा रे जनू आपल्या ठायी.*

दाराची कडी कुणी हळूच लावावी तशी वाजली. पुतळाबाईंनी पलंगावरून त्या दिशेला मान लववली, सुनेनं सासऱ्याला लववावी तशी.

आता एक ओळ राहिली.

*जेवली जनूची रानी,* उन्नती म्हणाली, *जा गो जनूच्या रानी आपल्या ठायी.*

काही हललं नाही. ई-रीडरवर तिनं नजर टाकली. तिथं आता पहिली तीन नावं नव्हती. करडी काच, आणि खाली एकच: उठ गो विठा.

भिंतीशी बसलेली पोर हसली. वाईट नाही, समजावणीचं हसली. "असं कसं गो जाईन? नावानं बोलावलंस. नावानंच घालव."

उन्नतीनं पुस्तिकेत पाहिलं. छापलेली ओळ पुसट होती, पण वाचता येत होती. *जेवली विठा, जा गो विठा आपल्या ठायी.* ती म्हटली की काम संपणार होतं. पुस्तक वाढवायचं, आणि घर मोकळं. फक्त त्या नावाला ओ देणारं भिंतीशी कोण कोण बसलंय, ते कागदाला माहीत नव्हतं. एकटी म्हातारी उठून गेली असती. किंवा दोघी, हातात हात घालून, चौथ्या मजल्यावरून, खाडीपर्यंत.

"आई," पोर म्हणाली. हा आवाज राजसीचा होता, पातळ, शाळेतला. "आई, मी पण जायचं का?"

उन्नतीनं तोंड उघडलं. सूर घशापर्यंत आला. पुतळाबाई पलंगावरून बघत होत्या, पण त्यांच्याकडे आता शब्द नव्हता. हा शब्द त्यांनाही ठाऊक नसावा. त्यांच्या उभ्या आयुष्यात अशी ओळ कुणी चुकलंच नव्हतं.

उन्नतीनं ओळ गिळली. उजवा तळवा डाव्यावर आणला. कागद कागदाला लागला, अक्षर अक्षरावर आलं, निळं कव्हर वर. मग तिनं पुस्तिका पाटावर ठेवली आणि ती नावाची काच तिच्याखाली सरकवली.

"पुस्तक वाढवलं," ती म्हणाली.

पोर उठली नाही. गेलीही नाही. दोन्ही हात गुडघ्यांवरून काढून तिनं फरशीवर टेकले, घरात राहायला आलेलं माणूस टेकतं तसे.

उन्नती तिच्यासमोर जाऊन बसली. पोरीचे केस मागं सारले. कपाळ खारट लागलं. कुठल्या नावाला दोघींपैकी कोण ओ देईल, कोण जाईल, ते सांगता येत नव्हतं. तिनं कुठलंच नाव घेतलं नाही, आणि यापुढे घ्यायचं नाही हे तिला त्याच वेळी कळलं. भावेशला ते कसं सांगायचं ते मात्र कळलं नाही.

"भूक लागलीय ना?" तिनं विचारलं. "काय वाढू? भात की भाकरी?"

"भात," पोर म्हणाली.

"भाकर," पोर म्हणाली.